गोम घरात येते तेव्हा

पावसाळा सुरू झाला की मोरीच्या कडेने एखादी गोम सरसर निघते आणि अहिंसेची कसोटी घरातच लागते. रांगते मूल असलेल्या घरात तिला राहू देता येत नाही, कारण तिचा दंश अत्यंत वेदनादायी असतो. जैन शास्त्राने मुंगी, ढेकूण यांच्याबरोबर तिची गणना त्रींद्रिय जीवांत केली असल्याने तिला ठेचणेही श्रावकाला शोभत नाही.

यावरचा मार्ग तिच्या देहरचनेतच आहे. गोमीचे शरीर ओलावा धरून ठेवू शकत नाही. कोरड्या जागी ते लवकर सुकते. म्हणून दिवसा ती मोरी, ओल आलेली भिंत किंवा गोदामात जमिनीला टेकलेली पोती यांच्या आश्रयाने दडते आणि रात्री झुरळे, कोळी टिपण्यास बाहेर पडते. चातुर्मासापूर्वीच गळके नळ दुरुस्त करावेत, पोती फळ्यांवर भिंतीपासून दूर रचावीत, मोरीला बारीक जाळी बसवावी. सूर्यास्तापूर्वी स्वयंपाकघर आवरून कोरडे ठेवणाऱ्या घरात झुरळांना खाद्य उरत नाही, मग गोमीलाही उरत नाही. भिंतीची भेग मात्र आत जीव नाही हे विजेरीने पाहूनच बुजवावी.

तरीही गोम दिसली, तर तिच्यावर रुंद तोंडाची काचेची बरणी उपडी ठेवावी आणि खालून जाड पुठ्ठा हलकेच सरकवावा. हाताने स्पर्श करू नये. लपलेल्या गोमीसाठी रात्री मोरीजवळ ओलसर गोणपाटाची घडी ठेवावी. पहाटे ती चिमट्याने उचलून खोल बादलीत झटकावी. मोकळी केलेली गोम उन्हात टाकू नये, वस्तीपासून दूर, दगड-पाल्याच्या ओल्या सावलीत सोडावी. वेटोळे करून पडणारा ‘पैसा’ चावत नाही. त्याला कागदावर घेऊन बागेत ठेवावे.

बाजारात मिळणारे चिकट सापळे विषरहित म्हणून विकत घेतले जातात. पण त्यांत अडकलेला जीव तडफडून मरतो, कधी पालही सापडते. उघडायचा विसरलेला डबाही तितकाच घातक: आतील गोम सुकून मरते, वा सोबतच्या किड्यांना खाते.

दंश झाल्यास जागा साबणाने धुऊन थंड पट्टी ठेवावी. श्वास लागला, चेहरा सुजला किंवा चक्कर आली तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

पाणी गाळल्यावर गरण्यातील जीव त्याच विहिरीत परत सोडण्याची रीत आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. गोमीला तिच्या ओलाव्यात पोहोचवणे हीदेखील तीच यत्ना होय.