घाटात इंजिनाचे तेल का तापते?

वैशाख महिना. चिपळूणहून कऱ्हाडकडे निघालेली पिकअप गाडी कुंभार्ली घाट चढते आहे. मागे आंब्याच्या पेट्या ठासून भरल्या आहेत. त्यांच्यावर दोन माणसे बसली आहेत. ऊन मी म्हणते आहे. निम्मा घाट झाला की पाण्याचा काटा वर सरकू लागतो. ड्रायव्हर म्हणतो, "गाडी तापली." तो रेडिएटरच्या पाण्याची काळजी करतो. ती करावीच. पण पाण्याबरोबर इंजिनाचे तेलही तापते, हे त्याच्या ध्यानात येत नाही. आज त्या तेलाविषयी बोलू.

बैलगाडीच्या आसाला वंगण का घालतात, हे तुम्हांला सांगायला नको. वंगण संपले की आस कुरकुरतो आणि झिजतो. इंजिनात तेल घालतात तेही त्यासाठीच. पण तेथे तेलाला दुसरे एक काम असते, आणि ते फारच थोड्या लोकांना ठाऊक असते. पिस्टनच्या डोक्यावर डिझेल जळते. त्याच पिस्टनच्या पोटाला खालून तेल लागते. ते तेथली धग घेऊन खाली चेंबरात उतरते. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची पेटी. तिला वारा लागतो आणि तेल थोडे निवते. मग पंप तेच तेल पुन्हा वर पाठवतो. आजच्या पुष्कळ गाड्यांत तेल आपली काही उष्णता रेडिएटरच्या पाण्यालाही देते. म्हणजे तेल आणि पाणी एका घरातली माणसे झाली. एकाला ताप आला की दुसऱ्यालाही येतो.

तेल तापले तर बिघडते काय? कढईत तेल तापले की ते पाण्यासारखे पातळ होते, हे घरातल्या बायकांना विचारा. इंजिनाचे तेलही तसेच. डिझेल गाडीत नेहमी घालतात ते तेल 40 अंशांवर जेवढे घट्ट असते, त्याच्या सहा-सात पट पातळ ते 100 अंशांवर होते. एवढे चालते. इंजिन त्या हिशेबानेच बांधलेले असते. साधारण 90 ते 110 अंशांपर्यंत तेल सुखात असते. 125 च्या पुढे गेले आणि तेथेच राहिले की ते लवकर खराब होते. ठोकताळा असा आहे की, दर 10 अंश वाढले की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. फार पातळ झालेले तेल लोखंडाला लोखंड घासू देते. शेवटी इंजिन जाम होते. गाडी तर कर्जाने घेतलेली. इंजिन जाम झाले म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

डिझेल गाडीचे तेल काळे होते, तेव्हा ते जळले असे समजू नये. ती काजळी असते, आणि ती धरून ठेवणे हे चांगल्या तेलाचे कामच आहे.

आता उपाय. यातले बहुतेक फुकटचे आहेत.

गाडीचे तोंड आधी मोकळे करा. पुढच्या जाळीवर नावाची पाटी, फोकस दिवे, लग्नाचा बॅनर, फुलांचे हार! हौस करावी, पण वारा जायला वाट ठेवावी. घाट चढण्यापूर्वी हार तरी काढून टाकावा.

जाळीच्या मागे रेडिएटर असतो. त्याला पत्र्याच्या अगदी बारीक पाकळ्या असतात. त्यांत धूळ, किडे, उसाचे पाचट, मळणीचा भुसा अडकतो. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो आणि आत गच्च भरलेला असतो. ट्रॅक्टरचे तर मळणीच्या दिवसांत रोज हेच होते. तो धुवायची रीत आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा. घाण आली त्या वाटेने तिला परत घालवायची. समोरून मारले तर ती आणखी आत जाऊन बसते. नळाच्या साध्या धारेने धुवावे. सर्व्हिसिंगच्या जोरकस पंपाने पाकळ्या वाकतात, आणि वाकलेल्या पाकळीतून वारा जात नाही. पावसाळ्यानंतर चेंबरच्या बाहेर चिखलाचा थर वाळलेला असतो, तोही खरवडून काढा. नाही तर तेलाने गोधडी पांघरल्यासारखे होते.

रेडिएटरात विहिरीचे जड पाणी ओतू नये. चहाच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, तसाच थर इंजिनातही धरतो. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंट शुद्ध पाण्यात मिसळून घालावे. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारण अर्धा इंच दबला तर ठीक. फार सैल असला तर पंखा नुसता नावाला फिरतो. विजेचा पंखा असेल तर इंजिन तापल्यावर तो सुरू होतो की नाही, हे कान देऊन ऐकावे.

तेलाची पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी असले तर तेच थोडे तेल सारखे फिरते, त्याला निवायला उसंत मिळत नाही. "जास्त घातले तर बरे" असे म्हणणारेही भेटतात. त्यांचे ऐकू नका. भरमसाट तेल आत घुसळले जाते, त्याला फेस येतो आणि ते उलट जास्त तापते. तेल कोणते घालायचे ते पुस्तकात पाहा. आता तुम्हांला वाचता येते, दुकानदाराला कशाला विचारायचे?

काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचे दार. त्यांना वाटते, दार काढले की इंजिन थंड राहील. पण काही इंजिनांत तेच दार पाण्याची आडवाट बंद करते. ते काढले की पाणी रेडिएटरला वळसा घालून आतल्या आत फिरते. बिघडले असेल तर नवे बसवून घ्यावे. इंजिन पाडून नवे करण्यापुढे त्याला काहीच खर्च नाही.

चढावर जड गिअरात गाडी रेटू नये. एक गिअर खाली घ्या. इंजिन मोकळे फिरते, पाण्याचा पंप जोरात चालतो. काटा चढू लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सोडा. आत बसणाऱ्यांना घाम फुटेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता बाहेर पडते. वर पोहोचल्यावर एकदम बंद न करता दोन मिनिटे गाडी जागेवर चालू ठेवा.

मात्र वाफ निघाली किंवा तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला, तर ताबडतोब कडेला घेऊन इंजिन बंद करा. तो दिवा तेलाचा दाब पडल्याचा आहे. तो लागल्यावर "गावापर्यंत नेऊ" म्हणायचे नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतले तर लोखंड तडकते. रेडिएटरचे झाकण अर्धा-पाऊण तास तरी उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, ते उसळून तोंडावर येते.

एवढे सगळे करूनही गाडी तापतेच, तर मग तेलाचा वेगळा कूलर बसवण्याचा विचार करावा. त्याला पैसे पडतात, आणि तो जाणत्या मिस्त्रीकडूनच बसवून घ्यावा. कारण त्याची एक नळी जरी सुटली, तरी थोड्याच वेळात चेंबरातले सगळे तेल रस्त्यावर येते.