फुकटचा डेमो : शितावरून भाताची परीक्षा

आंब्याच्या सीझनमध्ये पेटी विकण्याआधी आंबेवाला एक फोड कापून आपल्या हातावर ठेवतो. गोड लागली तर आपण भाव करायला बसतो, नाहीतर पुढच्या गाडीकडे वळतो. यात आंबेवाल्याचं जातं काय? एक आंबा. आणि मिळतं काय? गिऱ्हाइकाचा विश्वास! व्हिडिओ गेमच्या धंद्यात या फोडीला 'डेमो' म्हणतात. अख्खा गेम विकत घेण्याआधी त्याचा एक तुकडा फुकट खेळायला मिळणं म्हणजे डेमो.

आता तुम्ही म्हणाल, यात लेख लिहिण्यासारखं काय आहे? आहे! आज एखाद्या मोठ्या कंपनीचा नवा गेम घ्यायचा तर तीन-चार हजार रुपये सहज लागतात. आपल्यासारख्या हॉस्टेलवर राहणाऱ्यांच्या हिशेबात हा मेसच्या बिलाशी बरोबरी करणारा आकडा आहे. तो खर्च करायचा कशाच्या भरवशावर? तर दोन मिनिटांच्या ट्रेलरच्या! ट्रेलर म्हणजे लग्नाचा फोटो. त्यात सगळेच छान दिसतात. संसार कसा होणार हे त्यावरून थोडंच कळतं?

थोडासा इतिहास

'आधी फुकट खेळा, मग पैसे द्या' ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत स्कॉट मिलर नावाच्या गृहस्थाने १९८७ मध्ये 'किंग्डम ऑफ क्रोझ' हा गेम काढला आणि एक शक्कल लढवली. गेमचे भाग पाडायचे, पहिला भाग फुकट वाटायचा आणि पुढचे भाग हवे असतील त्याने पैसे पाठवायचे. याला पुढे त्याच्या कंपनीच्या नावावरून 'अपोजी मॉडेल' म्हणू लागले. १९९० चा 'कमांडर कीन' आणि १९९२ चा 'वुल्फेनस्टाइन थ्रीडी' याच पद्धतीने लोकांपर्यंत पोचले.

या पद्धतीचा कळस म्हणजे 'डूम'. १० डिसेंबर १९९३ रोजी इड सॉफ्टवेअरने डूमचा पहिला भाग, म्हणजे चक्क नऊ लेव्हल्स, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर फुकट ठेवला. उरलेले दोन भाग टपालाने विकत मागवायचे. बघता बघता हा गेम फ्लॉपीवरून, मॉडेमवरून, कॉलेजच्या लॅबमधून जगभर पसरला. अनेक विद्यापीठांना आपल्या नेटवर्कवर डूम खेळायला बंदी घालावी लागली, यावरून काय ते समजा!

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. डूममध्ये गेम चालवणारा प्रोग्रॅम वेगळा आणि नकाशे, चित्रं, आवाज असलेली 'वॅड' फाइल वेगळी होती. फुकट भागाची वॅड फाइल छोटी, विकतच्या भागाची मोठी. इंजिन आणि डेटा वेगळे ठेवल्यामुळे डेमो वेगळा काढणं सोपं गेलं. 'मॉड्युलर डिझाइन'वर आपण परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहितो ना, त्याचं हे जिवंत उदाहरण!

आपल्याकडे तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. त्यामुळे डेमो यायचे ते कॉम्प्युटर मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून. 'चिप' आणि 'डिजिट'च्या सीडी ज्यांच्या घरी यायच्या, त्यांच्याकडे मित्रांची रांग लागायची म्हणे. माझ्या मोठ्या चुलतभावाच्या कपाटात अशा सीडींचा एक गठ्ठा अजून आहे. मूळ गेम विकत घेणं त्या पिढीतल्या अनेकांना जमलं नाही, पण गेम म्हणजे काय हे त्यांना कळलं ते त्या डेमोंमुळेच.

खेळणाऱ्याला काय मिळतं?

पहिला आणि अगदी रोखठोक फायदा : गेम आपल्या मशीनवर चालेल की नाही ते कळतं. डब्यावर किंवा वेबसाइटवर 'किमान एवढी रॅम, अमुक ग्राफिक्स कार्ड' असं लिहिलेलं असतं. पण 'चालणं' आणि 'नीट चालणं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. २००७ मध्ये 'क्रायसिस' नावाचा गेम आला, त्याने भल्याभल्या पीसींना घाम फोडला होता. त्याचा डेमो ऑक्टोबरमध्ये आला आणि गेम नोव्हेंबरमध्ये. आपला पीसी हे ओझं पेलणार की नाही याचा निकाल लोकांना पैसे देण्याआधीच लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅपकॉमने 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' येण्याआधी असंच एक फुकट बेंचमार्क सॉफ्टवेअर दिलं होतं. ज्यांच्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही (म्हणजे आपल्यापैकी निम्मे!) त्यांना ही माहिती लाखमोलाची आहे.

दुसरा फायदा आवडीचा. उडी मारल्यावर पात्र कसं पडतं, बटण दाबल्यापासून बंदूक चालेपर्यंत किती वेळ जातो, कॅमेरा फिरताना डोकं गरगरतं का, या गोष्टी बघून कळत नाहीत. त्या हातालाच कळतात. यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहून पोहायला शिकल्यासारखंच आहे ते.

यावर माझा रूममेट म्हणतो, "अरे, पण रिफंड आहे की!" खरं आहे. स्टीमवर जून २०१५ पासून सोय आहे की घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. पण रिफंडसाठी आधी पैसे हातात हवेत. डेमोला ते लागत नाहीत. शिवाय साठ-सत्तर जीबी डाउनलोड करायचं, मग नाही आवडलं म्हणून परत करायचं, यात डेटा आणि वेळ दोन्ही गेले ते गेलेच. आणि घड्याळाकडे बघत खेळण्यात मजा ती काय?

बनवणाऱ्याला काय मिळतं?

सगळ्यांना वाटतं की डेमो म्हणजे जाहिरात. ती तर आहेच. पण माझ्या मते डेमोची खरी किंमत जाहिरातीत नाही, चाचणीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या टेक फेस्टमध्ये फायनल इयरच्या एका ग्रुपने स्वतः बनवलेल्या कोड्यांच्या गेमचा डेमो स्टॉलवर ठेवला होता. मी तिथे व्हॉलंटिअर होतो. माझं काम एकच : खेळणाऱ्याच्या मागे वही घेऊन बसायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. दुसऱ्या लेव्हलला एक दांडा ओढला की दार उघडत असे. दांड्याचा रंग मात्र भिंतीसारखाच. येणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथे अडकायचा, दाराला चार धडका द्यायचा आणि विचारायचा, "हे हँग झालंय का रे?" बनवणाऱ्यांना तो दांडा अगदी स्पष्ट दिसत होता, कारण सहा महिने ते रोज त्याच्याकडेच बघत होते! दुपारी त्यांनी दांड्याला पिवळा रंग दिला. संध्याकाळी तिथे कोणी अडकेना. एक रंग बदलायला पाच मिनिटं लागली. तो बदलायला हवा हे कळायला अनोळखी माणसं लागली.

मोठ्या कंपन्याही हेच करतात. स्क्वेअर एनिक्सने 'ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर'चा डेमो सप्टेंबर २०१७ मध्ये काढला आणि खेळणाऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. आलेल्या सूचनांवरून वेगाने धावण्याची आणि आधी पाहिलेल्या गावी थेट जाण्याची सोय केली, आणि जुलै २०१८ मध्ये पूर्ण गेम आणला. हाच अभिप्राय गेम विकल्यानंतर आला असता तर तो 'सूचना' म्हणून नाही, 'शिव्या' म्हणून आला असता!

छोट्या टीमसाठी तर डेमो म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न आहे. दोन-तीन जण नोकरी सांभाळून दोन-तीन वर्षं गेम बनवतात. जाहिरातीला दमडी नसते. त्यांच्यासाठी स्टीमवर वर्षातून तीनदा 'नेक्स्ट फेस्ट' भरतो. येऊ घातलेल्या गेम्सचे डेमो तिथे आठवडाभर मांडतात. आवडला तर खेळणारा तो गेम 'विशलिस्ट'मध्ये टाकतो आणि गेम आला की त्याला ई-मेल जाते. शिवाय डेमो लोक किती वेळ खेळले याचा मीडियन बनवणाऱ्याला दिसतो. डेमो तासाभराचा आणि मीडियन सात मिनिटांचा, तर काय समजायचं? सुरुवातीतच काहीतरी बिनसलंय. ही बातमी कडू असते, पण वेळेवर मिळते.

नाण्याची दुसरी बाजू

डेमो म्हणजे सगळं गोडच आहे असं मात्र नाही. २०१३ मध्ये गेम डिझायनर आणि कार्नेगी मेलनचे प्राध्यापक जेसी शेल यांनी डाइस परिषदेत एक आलेख दाखवला. एक्सबॉक्स ३६० च्या गेम्सचा तो आलेख होता. ज्यांचा ट्रेलर होता पण डेमो नव्हता, अशा गेम्सची विक्री, दोन्ही असलेल्या गेम्सच्या जवळपास दुप्पट दिसत होती! त्यांचं म्हणणं असं की ट्रेलर बघून उत्सुकता वाढते, आणि डेमो खेळून ती भागते. मग पैसे कोण देणार?

आलेख बघून घाबरायला होतं खरं. पण आपण स्टॅटिस्टिक्स शिकलोय ना? दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्या गेमचं नाव आधीच गाजलेलं आहे, त्याला डेमो काढायची गरजच वाटत नाही, आणि तो खपतोही जास्त. म्हणजे डेमोमुळे विक्री घटली की विक्रीची खात्री नव्हती म्हणून डेमो काढला, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही.

तरीही एक गोष्ट मान्य करावीच लागेल. वाईट डेमो म्हणजे हात दाखवून अवलक्षण! डेमो काढायला खर्चही येतो. वेगळा बिल्ड करा, त्याची चाचणी करा, आणि हे सगळं नेमकं मूळ गेमची डेडलाइन डोक्यावर असताना. घाईत काढलेला अर्धाकच्चा डेमो चांगल्या गेमचंही नाव घालवू शकतो.

चांगला डेमो कसा असावा?

इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये आपण सेक्शनल व्ह्यू काढतो. वस्तू एका ठिकाणी उभी कापली की आतले सगळे थर दिसतात. डेमो तसाच हवा. गेम व्यवसायात याला 'व्हर्टिकल स्लाइस' म्हणतात. तुकडा छोटा असेना, पण त्यात चित्रं, आवाज, नियंत्रण, अडचण, गोष्ट, सगळं थोडं थोडं आणि पूर्ण तयार असावं.

हा तुकडा गेमच्या सुरुवातीचाच असला पाहिजे असं नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेला 'हाफ-लाइफ : अपलिंक' हा डेमो मूळ गेममध्ये नसलेल्या लेव्हल्सचा होता. चव कळली, पण गोष्ट फुटली नाही! आणि सुरुवातीचाच भाग द्यायचा असेल तर डेमोतली सेव्ह फाइल पूर्ण गेममध्ये वापरता यावी. त्यासाठी फाइलचा फॉरमॅट आधीपासून नीट ठरवावा लागतो, पण खेळणाऱ्याला 'आपले दोन तास फुकट गेले' असं वाटत नाही. शेवट तर असा हवा की माणसाने कंट्रोलर खाली ठेवताना म्हणावं, "अरेच्चा, संपला?"

तेव्हा मित्रांनो, दोनच गोष्टी सांगतो. पैसे खर्च करण्याआधी डेमो आहे का ते बघा, आणि खेळलात तर दोन ओळींचा प्रामाणिक अभिप्राय जरूर लिहा. 'भारी' किंवा 'बकवास' एवढंच नको. कुठे अडकलात ते लिहा. कुणीतरी त्या दोन ओळींची वाट बघत रात्रभर जागत असतं. आणि तुमच्यापैकी जे प्रोजेक्टसाठी गेम बनवत असतील (गेमच कशाला, कुठलंही सॉफ्टवेअर!) त्यांनी तो सबमिशनच्या आदल्या रात्रीपर्यंत पेनड्राइव्हमध्ये लपवून ठेवू नये. एक तुकडा पक्का करा, शेजारच्या खोलीतल्याच्या हातात द्या, आणि मागे वही घेऊन गप्प बसा. भात शिजलाय की नाही हे पातेल्याला विचारून कळत नाही, शीत दाबूनच बघावं लागतं!