उषाच्या हातात लेखणी का नाही?

श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’ सिनेमात (१९७७) नायिका उषा घर सोडते, परत येते, पुन्हा सोडते. चिडते, पिते, कोसळते आणि तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभीही राहते. फक्त आपली कहाणी ती कुणाला सांगत नाही. माझं या सिनेमाशी जुनं भांडण आहे ते इथेच. ज्या बाईच्या आयुष्यावरून तो निघाला, तिने आपली कहाणी स्वतः सांगून ठेवली होती.

ती बाई हंसा वाडकर. चरित्र भरभर उरकतो: जन्म मुंबईत, १९२३, मूळ नाव रतन साळगावकर, घराणं कलावंतिणींचं, पहिला चित्रपट ‘विजयाची लग्ने’ (१९३६). मग प्रभातचा ‘संत सखू’, राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि अनंत मान्यांचा तमाशापट ‘सांगत्ये ऐका’ (१९५९). हा शेवटचा पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. मृत्यू १९७१.

आमच्या राजूरकडे हंसाबाई ठाऊक आहेत त्या ‘सांगत्ये ऐका’मुळेच. अकोले-संगमनेरचा पट्टाच तमाशावेडा. शाहीर पठ्ठे बापूरावांबरोबर तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पवळा संगमनेरजवळच्या हिवरगाव पावसाची. डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला आलेल्या म्हाताऱ्यांशेजारी बसा, बैलाच्या दातांवरून सुरू झालेली गोष्ट कधी फडावर पोचते कळत नाही. पण पवळा आपल्याला ऐकू येते ती बहुधा बापूरावांच्या गोष्टीतून. हंसाबाई मात्र आपल्याच तोंडून बोलल्या, म्हणून मला त्यांचं मोल जास्त.

त्यांचं सांगणं कागदावर उतरवलं अरुण साधूंनी. ते आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, मग १९७० साली पुस्तक झालं, आणि नाव दिलं त्याच गाजलेल्या चित्रपटाचं. दारूबद्दल, पुरुषांबद्दल, भरल्या संसारातून उठून जाण्याबद्दल बाई कुठलीही मखलाशी न करता सांगत जातात. माझी नक्कल राजूरच्या पेढ्यांच्या खोक्यात ठेवलेली आहे. पानांना अजून खव्याचा वास येतो, आणि तो मला चालतो.

सिनेमा थोर आहे, यात वाद नाही. उषा झालेली स्मिता पाटील तेव्हा जेमतेम एकवीस-बावीसची. छायालेखक गोविंद निहलानींनी उषाचं बालपण कृष्णधवल ठेवलं, चालू काळ रंगीत. बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांच्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, स्मितालाही मिळाला. मला सर्वांत धरून ठेवतो तो, उषा ज्याच्याकडे राहायला जाते त्या काळेच्या वाड्यातला भाग. अमरीश पुरींचा काळे आवाज चढवत नाही. घर मोठं, खाणंपिणं भरपूर, मानही आहे; फक्त उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. हे कळतं तेव्हा उषा लगेच आकांत करत नाही. स्मिता आधी नुसती थांबते, जणू ऐकलेलं पुन्हा एकदा ऐकतेय. मग संताप येतो. अंथरुणाला खिळलेली काळेची बायको हे सगळं आधीच ओळखून बसलेली असते. शेवटी सुटकेसाठी उषाला नवऱ्यालाच बोलवावं लागतं, ज्याच्यापासून ती पळाली होती त्यालाच!

तिच्या या हेलकाव्यांना सिनेमा आजाराचं नाव देत नाही, डॉक्टर आणत नाही. हे फार चांगलं केलं. एकदा शेजारपाजारच्या मंडळींना घरी बसवून मी तो दाखवला. एकजण म्हणाला, “बाईचं डोकं फिरलंय.” त्यावर मागून एक मावशी म्हणाल्या, “डोकं नाय फिरलं तिचं. टेकायला जागाच कुठं दिली कुणी?” समीक्षकांचं बरंच वाचलंय मी, पण इतकं नेमकं क्वचितच.

तरी ती सांगणारी बाई हवी होती. जेन कॅम्पियनचा ‘अ‍ॅन एंजल अ‍ॅट माय टेबल’ (१९९०) बघा. न्यूझीलंडची लेखिका जॅनेट फ्रेम हंसाबाईंहून वर्षाने धाकटी. स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारून तिला वर्षानुवर्षं मनोरुग्णालयांत ठेवलं, मेंदूवर शस्त्रक्रियाही ठरली. तेवढ्यात तिच्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला आणि शस्त्रक्रिया रद्द झाली. पुढे लंडनच्या डॉक्टरांनी सांगितलं, हिला तो आजार कधी नव्हताच. कॅम्पियनने लिहिणं सिनेमाच्या मधोमध ठेवलं. बेनेगलांची उषा शेवटी हॉटेलच्या खोलीत एकटी उरते, आणि पाहणारा तिला बिचारी समजून उठतो. हंसाबाईंचं पुस्तक मिटताना तसं वाटत नाही. बाई फटकळ वाटतात, कधी हट्टी, कधी चक्क चुकीच्या, बिचाऱ्या नाहीत.

म्हणून कुणी विचारलं तर मी आधी सिनेमा बघायला सांगतो, पुस्तक नंतर. आधी पुस्तक वाचलेला माणूस सिनेमाभर माझ्यासारखा भांडत बसतो.