नाताळचा केक आणि गॅसची भट्टी

अनमोडचा घाट उतरला की गोवे लागते. त्यामुळे बात्क आणि बिबिंक ही नावे जोयडा तालुक्यातील आपल्या घरांना परकी नाहीत. हे पदार्थ मुळात निखाऱ्यांवरचे. भांड्याखाली मंद आच आणि झाकणावर रसरशीत निखारे, अशी त्यांची जुनी रीत. आता काही घरांतून गॅसची भट्टी, म्हणजेच ओव्हन, आली आहे आणि तिच्याबरोबर एक तक्रारही आली आहे: केक खालून करपतो आणि वरून पांढरा राहतो.

याचे कारण साधे आहे. या भट्टीतील ज्वाला बहुधा तळाशी असते; माथ्यावर निखारे नसतात. म्हणून डबा तळाशी न ठेवता मधल्या जाळीवर ठेवावा आणि त्याच्या चहूबाजूंनी गरम हवा खेळेल इतकी जागा सोडावी. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ होते. त्या ओलसर उष्णतेत केकचा वरचा पापुद्रा सावकाश लाल होतो. तेव्हा उतावीळपणे आच वाढवू नये. भट्टी आधी पंधरा मिनिटे तापवावी. बात्कासाठी भिजवलेला रवा काही तास फुगू द्यावा आणि सुमारे १८० अंशांवर भाजावे. पहिला अर्धा तास दार उघडूच नये. बिबिंकेची गोष्ट निराळी. तिचा प्रत्येक थर वरच्या आचेवर भाजावा लागतो. भट्टीत वर ग्रिल नसेल तर आमच्या मते निखाऱ्यांचे झाकणच बरे.

आता महत्त्वाचे. निखारा डोळ्यांना दिसतो, गॅस दिसत नाही. सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साचतो आणि नुसती वरची खिडकी उघडून पुरेसा बाहेर जात नाही. त्यास मुद्दाम मिसळलेला उग्र वास हीच आपली सूचना. वास येताच रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. काडी ओढू नये, विजेचे बटणही दाबू नये. ते चालू असेल तर चालू, बंद असेल तर बंद राहू द्यावे. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकास कळवावे. गळतीचा संशय असल्यास साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजून आढळतात!

काडीने पेटवावयाच्या भट्टीचे दार आधी उघडावे, मग काडी पेटवावी आणि शेवटी गॅस सोडावा. क्रम उलटला तर आत साचलेला गॅस एकदम भडकून तोंड व हात भाजतात. ज्वाला न धरल्यास गॅस बंद करून दार पाच मिनिटे सताड उघडे ठेवावे. रबरी नळी भट्टीच्या तापलेल्या पाठीमागून नेऊ नये आणि पाच वर्षांनी ती बदलावी.

डिसेंबरात आपल्या रानपट्ट्यात रात्री थंडी पडते. सर्व दारे लावून ऊब मिळावी म्हणून भट्टी पेटती ठेवण्याचा मोह होतो. तसे कदापि करू नये. कोंडलेल्या हवेत गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्यास वास नसतो आणि झोपलेल्या माणसास तो उठूही देत नाही. ज्वाला निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यांस काजळी धरू लागली, तर बर्नर दुरुस्त होईपर्यंत भट्टी लावू नये.

केकमध्ये खुपसलेली काडी कोरडी निघाली की डबा बाहेर काढून दहा मिनिटे निवू द्यावा. तेवढ्यात रेग्युलेटर बंद करून घ्यावा.