दवंडी दोघेही ऐकतात

गेल्या पावसाळ्यात मामांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "हे इंग्रजीत काय आलंय, वाच बरं." हदगाव तालुक्यातील त्यांच्या हळद उत्पादक गटाची एक वेबसाइट आहे. ज्या मुलाने ती बनवून दिली तो नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून तिला कोणी हात लावलेला नव्हता. ती जिच्या सर्व्हरवर ठेवली आहे त्या होस्टिंग कंपनीचा तो ईमेल होता : तुमची पीएचपी ७.४ ही आवृत्ती जुनी झाली असून असुरक्षित आहे. मामा म्हणाले, "वेबसाइट तर चालू आहे. मग बिघडलं काय?"

प्रश्न रास्त होता. मी इतिहासाचा विद्यार्थी. मलाही उत्तर येत नव्हते. शोधाशोध केली तेव्हा कळले ते असे.

पीएचपी ही सर्व्हरवर चालणारी भाषा. तिच्या आधारावर वर्डप्रेस उभे असते आणि वर्डप्रेसला प्लगइन नावाची छोटी जोडकामे लावलेली असतात. कोणी ऑर्डर घेते, कोणी फोटो दाखवते. या तिन्हींत अधूनमधून चुका सापडतात आणि त्यांचे कर्ते दुरुस्त्या पाठवतात. पीएचपी ७.४ साठी त्यांनी दुरुस्त्या देणे २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद केले.

पण दुरुस्ती जाहीर झाली की चोरालाही वाट कळते. अमुक बनावटीचे कुलूप खिळ्याने उघडते अशी गावात दवंडी दिली, तर मालक नवे कुलूप आणायला धावेल आणि चोर खिळा शोधायला. २०१७ साली हेच घडले. वर्डप्रेस ४.७ मधील एका दोषामुळे कोणीही परका, पासवर्डवाचून, दुसऱ्याचा मजकूर बदलू शकत होता. २६ जानेवारीला दुरुस्ती आली. लोकांना सवड मिळावी म्हणून दोषाची वाच्यता मात्र १ फेब्रुवारीपर्यंत केली नाही. तरीही, ज्यांनी कुलूप बदलले नव्हते त्यांची १५ लाखांवर पाने विद्रूप झाली.

"आपली हळदीची वेबसाइट कोण कशाला फोडेल?" हा मामांचा दुसरा प्रश्न. फोडणारा माणूस बहुधा समोर नसतोच. त्याचे यंत्र रात्रंदिवस दारे ठोठावत फिरते. ते मालकाचे नाव पाहत नाही, आवृत्ती पाहते. आणि आमच्या घरात ग्राहकांची नावे, पत्ते, फोन नंबर होते.

ईमेलमधील दुव्यावर आम्ही बोट ठेवले नाही, कारण असे ईमेल खोटेही असतात. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून आत गेलो (पासवर्डसाठी पुण्याला तीन फोन). सगळ्या मजकुराची व माहितीची प्रत उतरवून घेतली. इथवर ठीक. मग मी उतावळेपणाने आधी पीएचपीच बदलली आणि वेबसाइट कोरी पांढरी! मामांचा चेहराही तसाच. पुन्हा ७.४ केल्यावर ती परतली. खरा क्रम उलटा : आधी प्लगइन व वर्डप्रेस अद्ययावत करायचे, मग पीएचपी. तसे केले, तेव्हा एकच प्लगइन अडले. त्याच्या कर्त्याने ते केव्हाच सोडून दिले होते. ते काढून टाकल्यावर पीएचपीची नवी आवृत्ती सुरळीत बसली.

त्या प्लगइनबरोबर दरपत्रकाचे पान गेले. हळदीचा भाव मामा सध्या फोनवरच सांगतात.