खतांची होळी, १८७५

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला केला. (हे सुपे बारामतीकडचं. पारनेरचं सुपा वेगळं. नगरकरांची इथे हमखास गल्लत होते.) लोण लगेच नगर जिल्ह्यात आलं. पारनेर आणि श्रीगोंदा तालुक्यांत जोर जास्त होता.

जमावाला मुख्यतः हवी होती ती कागदं. सावकाराने कर्जखतं मुकाट्याने काढून दिली, तर त्याच्या अंगाला सहसा हात लागत नसे. खतं गावातच पेटवली जात.

कागदावर एवढा राग का? १८५९च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या खतावर दावा करायची मुदत तीन वर्षांवर आणली. ती संपायच्या आत सावकार व्याज मुद्दलात मिसळून नवं खत करून घेई. दरमहा शेकडा २ रुपये दर धरा: १०० रुपयांचे तीन वर्षांत १७२ आणि सहा वर्षांत जवळपास २९६. अंगठा उठवणाऱ्याला आकडा वाचता येत नसे. त्यातच अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ला संपून कापसाचे भाव कोसळले होते आणि फेरआकारणीत सारा वाढला होता.

दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ जणांना अटक झाली, ५०१ जणांना शिक्षा. चौकशी आयोगानंतर १८७९ साली पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आता कर्ज मुळापासून तपासायचा अधिकार न्यायालयाला मिळाला.