ध्वनिवाहक माध्यमांतील स्थित्यंतरे आणि रॉक संगीताच्या चाहत्यांची अभिरुची : एक आकलन

प्रस्तावना

संगीताविषयीची आवडनिवड ही व्यक्तीच्या मनोधर्माशी निगडित बाब आहे, असे सामान्यतः मानले जाते. रॉक संगीताच्या एखाद्या चाहत्याला बीटल्स श्रेष्ठ वाटतात, दुसऱ्याला पिंक फ्लॉइड, तर तिसरा मेटॅलिकाच्या पहिल्या काही अल्बमांपलीकडे काही ऐकण्यास तयार नसतो. या मतभेदांत वय, स्वभाव व संस्कार यांचा वाटा असतो, हे खरेच. तथापि चाहत्यांची मते बारकाईने पाहिली असता त्यांतील अनेक मते केवळ संगीताविषयीची नसून, ते संगीत ज्या वस्तूवर साठवलेले होते त्या वस्तूविषयीचीही असतात, असे दिसून येते. ‘पूर्वीचे अल्बम सलग ऐकावेसे वाटत’, ‘सी.डी.वर गाणी वाढली, पण अल्बम पातळ झाला’, ‘नवे ध्वनिमुद्रण कानांना टोचते’ आणि ‘आता गाणी मिळतात, अल्बम मिळत नाही’ हे चार अभिप्राय नमुन्यादाखल घेता येतील. अशा अभिप्रायांना स्मरणरंजन म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती आहे. प्रस्तुत लेखात एल.पी., कॅसेट, सी.डी., एम.पी.थ्री व स्ट्रीमिंग या माध्यमांच्या क्रमाने या अभिप्रायांत वस्तुस्थितीचा अंश किती व हळहळीचा किती, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. तबकडीची मर्यादा आणि अल्बमची घडण

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असे. १९४८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घकाळ वाजणारी तबकडी, म्हणजेच एल.पी., बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. पुढच्याच वर्षी आर.सी.ए. व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली. आरंभीचे रॉक अँड रोल प्रामुख्याने या लहान तबकडीवर वाढले. एका बाजूला एक गाणे, या तिच्या रचनेमुळे तीन मिनिटांचे गाणे हेच रॉकचे मूळ परिमाण ठरले.

१९६० च्या दशकाच्या मध्यानंतर ही स्थिती पालटली. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेला बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम या बदलाचा ठळक निदर्शक होय. त्यातील एकही गाणे त्या वेळी स्वतंत्र तबकडीवर काढण्यात आले नाही. संपूर्ण अल्बम हीच एक कृती म्हणून श्रोत्यांसमोर ठेवण्यात आली. इंग्लंडमधील मूळ तबकडीच्या अखेरच्या खाचेत काही निरर्थक बोल अशा रीतीने कोरले होते की, सुई हाताने उचलेपर्यंत ते फिरत राहत. म्हणजे कृतीचा शेवट श्रोत्याच्या हाती सोपवलेला होता. सी.डी.च्या आवृत्तीत हे बोल काही वेळा ऐकू येऊन विरून जातात, कारण तेथे न संपणारी खाच असूच शकत नाही.

पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ (१९७५) या अल्बमचे उदाहरणही उद्बोधक आहे. त्यातील सुमारे २६ मिनिटांची प्रमुख रचना दोन भागांत विभागलेली आहे. पहिला भाग पहिल्या बाजूच्या आरंभी व दुसरा भाग दुसऱ्या बाजूच्या अखेरीस येतो. त्यामुळे तबकडी उलटण्याच्या क्रियेभोवती संपूर्ण अल्बमची वर्तुळाकार मांडणी होते. तबकडीचे भौतिक गुणधर्मही मांडणीवर परिणाम करीत असत. सुई केंद्राकडे सरकते तसा खाचेचा तिच्याखालून जाण्याचा वेग कमी होतो व सूक्ष्म, उच्च स्वरांची स्पष्टता घटते. एका बाजूवर अधिक मिनिटे कोंबली, तर खाचा अरुंद कराव्या लागतात आणि आवाज मंदावतो. म्हणून कोणते गाणे कोठे ठेवावे, हा कलात्मक तसाच तांत्रिक निर्णयही होता.

गाणे वगळायचे तर उठून सुई उचलावी लागे. त्यामुळे श्रोता सहसा संपूर्ण बाजू ऐकत असे. यावरून पहिल्या अभिप्रायाला आधार आहे, हे स्पष्ट होते. मात्र दोन लोकप्रिय गाणी आणि उरलेली भरती असेही असंख्य एल.पी. त्या काळात निघाले. ते विस्मृतीत गेले आणि उत्तम तेवढे टिकले, ही बाब चाहत्याच्या स्मृतीतून निसटते.

२. कॅसेट : प्रत करण्याची मुभा

फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि १९७९ मध्ये सोनी कंपनीचा वॉकमन आला. पहिल्या साधनाने श्रोत्याला घरी ध्वनिमुद्रण करण्याची मुभा दिली. दुसऱ्याने संगीत दिवाणखान्यातून रस्त्यावर आणले. घरगुती ध्वनिमुद्रणामुळे संगीत मरणपंथाला लागेल, अशी मोहीम ब्रिटनमधील ध्वनिमुद्रण उद्योगाने १९८० च्या दशकाच्या आरंभी चालविली. याच सुमारास, १९८२ मध्ये, मेटॅलिका या नवोदित वाद्यवृंदाची नमुना कॅसेट चाहत्यांनी एकमेकांसाठी प्रती करून दूरवर पोहोचविली. १९८३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम निघण्यापूर्वीच त्यांना श्रोतृवर्ग लाभला होता.

भारतातील रॉकश्रोत्यांच्या दृष्टीने कॅसेटचे महत्त्व अधिकच होते. परदेशी तबकड्यांची आयात दुर्मिळ होती. कोलकात्याजवळील डमडम येथील ग्रामोफोन कंपनीच्या कारखान्यात बीटल्स, पिंक फ्लॉइड आदींच्या तबकड्या छापल्या जात. तथापि निवड मर्यादित व किंमत विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची असे. मुंबईत काळा घोडा परिसरातील ऱ्हिदम हाउस हे दुकान २०१६ मध्ये बंद होईपर्यंत अशा चाहत्यांचे भेटीचे ठिकाण होते. कॅसेटमुळे भारतातील संगीतव्यवहार कसा विकेंद्रित झाला, याचे विवेचन पीटर मॅन्युएल यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅसेट कल्चर’ या ग्रंथात केले आहे. त्यांचा भर भारतीय लोकप्रिय संगीतावर असला, तरी रॉकच्या मोजक्या चाहत्यांनाही हे निरीक्षण लागू पडते. एकाने तबकडी मिळवावी आणि वसतिगृहातील दहा जणांनी तिची प्रत करून घ्यावी, ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती.

या रीतीमुळे अल्बमचे स्वरूप नकळत बदलले. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची असते. तीत एक संपूर्ण एल.पी. मावत असे व पाठीमागे दुसऱ्याच वाद्यवृंदाचा एल.पी. भरला जात असे. परिणामी तबकडी उलटण्यासाठी योजलेला विराम नाहीसा झाला आणि दोन असंबद्ध अल्बम श्रोत्याच्या मनात जोडीने नांदू लागले. साठ मिनिटांच्या कॅसेटवर प्रत केली, तर बाजू संपताना एखादे गाणे मध्येच तुटे व श्रोत्याला ते तसेच पाठ होई. याचा अर्थ, मुंबई-पुण्यातील चाहता ज्या अल्बमची आठवण काढतो, तो लंडनमधील चाहत्याच्या आठवणीतल्या अल्बमहून वेगळा असू शकतो.

३. सी.डी. : वाढलेली जागा, वाढलेला आवाज

सोनी व फिलिप्स यांनी विकसित केलेली सी.डी. १९८२ मध्ये जपानच्या बाजारात आली. १२ सेंटिमीटर व्यासाच्या या चकतीवर सुमारे ७४ मिनिटांचे संगीत मावत होते. डायर स्ट्रेट्स या वाद्यवृंदाचा ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८५) हा सी.डी.वर दहा लाखांहून अधिक खपलेला पहिला अल्बम होय. त्यातील काही गाणी सी.डी.वर पूर्ण लांबीची, तर एल.पी.वर जागेअभावी आखूड केलेली होती. माध्यमानुसार कृती बदलल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

सी.डी.ला दुसरी बाजू नव्हती आणि बटण दाबताच गाणे वगळता येत होते. जागा उपलब्ध असल्याने १९९० च्या दशकात एक तासाहून अधिक लांबीचे अल्बम रूढ झाले. पूर्वी चाळीस मिनिटांची मर्यादा हीच संपादकाचे काम करीत असे. ती गेल्यावर ते काम वाद्यवृंदाच्या विवेकावर पडले. दुसऱ्या अभिप्रायाचे मूळ येथे आहे.

‘कानांना टोचते’ या तिसऱ्या अभिप्रायासाठी थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या पातळीला एक निश्चित कमाल मर्यादा असते. आपले गाणे इतरांपेक्षा मोठ्याने वाजावे, या स्पर्धेपायी हळू व मोठ्या आवाजातील अंतर कमी करून सर्वच आवाज कमाल मर्यादेला नेऊन भिडविण्याची पद्धत वाढली. २००८ मध्ये मेटॅलिकाचा ‘डेथ मॅग्नेटिक’ प्रसिद्ध झाला, तेव्हा याच गाण्यांची ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममधील आवृत्ती अधिक स्वच्छ असल्याचे चाहत्यांच्याच ध्यानात आले आणि अल्बमचे नव्याने संस्करण करावे, अशी मागणी त्यांनी केली. येथे चाहत्यांचे मत मोजून पडताळता येण्यासारखे होते व ते योग्य होते. मात्र दोष माध्यमाचा नव्हता. हळू व मोठ्या आवाजातील अंतर जपण्याची सी.डी.ची क्षमता एल.पी.हून अधिक आहे. तिचा उपयोगच करण्यात आला नाही. ‘सी.डी. वाईट’ हे विधान म्हणूनच अचूक ठरत नाही.

४. एम.पी.थ्री आणि सुटे गाणे

मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज मानवी कानाला जाणवत नाही. या तत्त्वाच्या आधारे अनावश्यक माहिती गाळून एम.पी.थ्री ही संचिका तयार होते. सी.डी.वरील एका मिनिटाच्या संगीतास सुमारे १० मेगाबाइट जागा लागते. १२८ किलोबिट दराच्या एम.पी.थ्रीत तेच संगीत सुमारे एका मेगाबाइटमध्ये मावते. त्यामुळे ते टेलिफोनच्या तारेवरून पाठविणे शक्य झाले. १९९९ मध्ये नॅपस्टर ही देवघेवीची सेवा सुरू झाली व २००० मध्ये तिच्यावर खटला भरणाऱ्यांत मेटॅलिका अग्रभागी होते. कॅसेटच्या प्रतींवर नावारूपाला आलेल्या वाद्यवृंदाने प्रतींविरुद्ध न्यायालयात जावे, हे अनेक चाहत्यांना रुचले नाही. तथापि कॅसेटची प्रत ओळखीच्या माणसाकडून मिळत असे व प्रत्येक प्रतीगणिक तिचा दर्जा खालावत असे. संचिकेला या दोन्ही मर्यादा नव्हत्या, हा भेद दुर्लक्षिता येत नाही.

ॲपलने एप्रिल २००३ मध्ये संगीताचे दुकान इंटरनेटवर उघडले आणि सुटे गाणे ९९ सेंटला विकण्यास आरंभ केला. अल्बम ही एक कृती की गाण्यांचा गठ्ठा, हा प्रश्न त्यामुळे थेट न्यायालयात गेला. पिंक फ्लॉइडच्या ई.एम.आय. कंपनीशी झालेल्या करारात त्यांच्या अनुमतीविना अल्बमची मोडतोड करू नये, असे कलम होते. हे कलम केवळ तबकडी व सी.डी.ला लागू असल्याचा कंपनीचा दावा लंडनच्या उच्च न्यायालयाने मार्च २०१० मध्ये अमान्य केला. मात्र जानेवारी २०११ मध्ये उभयपक्षी नवा करार झाला आणि सुट्या गाण्यांच्या विक्रीची वाट मोकळी झाली. कृतीच्या अखंडतेचा हक्क न्यायालयात सिद्ध झाला. बाजारात तो टिकला नाही.

५. स्ट्रीमिंग : मालकीकडून परवानगीकडे

२००८ मध्ये युरोपात सुरू झालेली स्पॉटिफाय ही सेवा फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आली. या व्यवस्थेत श्रोता गाणे विकत घेत नाही. ऐकण्याची परवानगी घेतो. गाणे किमान तीस सेकंद वाजल्यावरच ते ऐकले गेल्याची नोंद होते. साहजिकच, सावकाश उलगडत जाणाऱ्या दीर्घ प्रस्तावनेला या हिशेबात मोल उरत नाही. वीस मिनिटांच्या रचनेची आणि दोन मिनिटांच्या गाण्याची नोंदही सारखीच होते. २०२४ पासून, मागील बारा महिन्यांत एक हजारांपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला या सेवेकडून मानधन मिळत नाही. नवोदित व अल्पपरिचित वाद्यवृंदांच्या दृष्टीने ही बाब गंभीर आहे.

परवानगीचे स्वरूप किती तात्पुरते असते, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसून आले. स्पॉटिफायवरील एका कार्यक्रमातून लसीकरणाविषयी चुकीची माहिती पसरत असल्याच्या निषेधार्थ नील यंग यांनी आपले संगीत तेथून काढून घेतले. ते २०२४ मध्ये परत आले. ज्याच्या कपाटात त्यांची तबकडी होती, त्याचे या काळात काहीच अडले नाही. दुसरीकडे, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ज्या विद्यार्थ्याला एकेकाळी एकही रॉक अल्बम मिळाला नसता, त्याला आज जवळजवळ सर्वच संगीत फोनवर उपलब्ध आहे. हा लाभ लहान नव्हे. चौथ्या अभिप्रायाला म्हणूनच मुरड घालावी लागते. अल्बम आजही मिळतो. तो अल्बम म्हणून ऐकण्यास भाग पाडणारी परिस्थिती मात्र उरलेली नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, चाहत्यांच्या तक्रारींत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. अल्बमची मांडणी, त्याची लांबी व आवाजाची पातळी यांविषयीची मते पडताळता येतात व त्यांना बऱ्याच अंशी आधार सापडतो. एखाद्या माध्यमाला सरसकट श्रेष्ठ वा हीन ठरविणारी मते या कसोटीवर टिकत नाहीत. तारुण्यात प्रथम ऐकलेल्या आवाजाची ओढ ही तिसरी गोष्ट. ती खरी असली तरी प्रमाण मानता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत १९८७ नंतर प्रथमच सी.डी.पेक्षा अधिक एल.पी. विकले गेले. ही ओढ केवळ जुन्या पिढीपुरती असती, तर असे घडणे कठीण होते. सर्व संगीत हाताशी असतानाही एक निश्चित आरंभ व शेवट असलेली, स्वतःच्या मालकीची वस्तू श्रोत्यांना हवीशी वाटते, असे त्यातून सूचित होते.

अभिरुचीच्या अभ्यासकासाठी यातून एक व्यवहार्य सूचना निघते. श्रोत्याला कोणता वाद्यवृंद आवडतो, एवढेच विचारणे पुरेसे नाही. तो त्याने प्रथम कोणत्या माध्यमातून, कोणत्या आवृत्तीत व कोणाकडून मिळवून ऐकला, याचीही नोंद केली पाहिजे. महाराष्ट्रातील घराघरांत पडून असलेल्या, हाताने गाण्यांची यादी लिहिलेल्या कॅसेट या दृष्टीने मोलाचे साधन आहेत. त्यांच्यावरील फिती दिवसेंदिवस खराब होत आहेत. महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी त्या वेळीच मिळवून जतन करणे अगत्याचे आहे.